बाल्कनीचं दार लावून

अंधेरी,
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुलक्षणाताई,

पत्र बघून तुम्ही दचकाल. कांदिवलीहून मुलुंड काही परदेशात नाही, आणि तुमची भावजय दिवसभर व्हॉट्सॲपवर असते. पण फोनवर बोललेलं आता माझं राहत नाही, म्हणून इथे अंधेरीच्या ऑफिसात बसून, ऑफिसच्याच कागदावर लिहून कुरिअरने पाठवतेय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवा, घरी नको. आणि सुबोधला एवढ्यात काही सांगू नका. तो म्हणेल, माझ्या आईवर संशय घेतेस.

संशयच घेतेय.

आईंना गोष्टी कळायला लागल्यात. जूनमध्ये दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हे सुरू झालं. मला बढती मिळाली तर पुण्याच्या शाखेत जावं लागेल, हे मी फक्त माझ्या मैत्रिणीला, गार्गीला, सांगितलं होतं. तेही बाल्कनीत उभं राहून, काचेचं दार पूर्ण लावून. सुबोधलाही तोवर बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आई म्हणाल्या, “बढती गावली तर पुण्याक जावचा लागतला काय गो?” मी काहीतरी सारवासारव केली. पण तेव्हापासून घरात मी आधी त्यांचा चेहरा बघते, मग विचार करते.

मग चेतनाचं झालं. ती समोरच्या बी विंगमध्ये राहते. मधे अख्खा चौक, तिच्या स्वयंपाकघराची काचेची खिडकी बंद, काहीही ऐकू येणं शक्य नाही. आई दुपारी म्हणाल्या की ही पोरगी आज माहेरी जाणार, नवऱ्याला तसं सांगून झालंय. संध्याकाळी चेतना बॅग घेऊन रिक्षात बसली. आठवड्याने परत आली ती थेट आमच्याकडे, आईंच्या पाया पडायला. आता मंगळवारी बायका नारळ घेऊन येतात. आई काही मागत नाहीत, अंगात आल्यासारखंही करत नाहीत. नुसत्या बसतात. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत, बेल वाजली तरी हलत नाहीत. बायका म्हणतात, ध्यान लागलंय. मग एकदम मान वळवून समोरच्या चेहऱ्यावर अशी नजर लावतात की माझ्या अंगावर काटा येतो.

कामाला येणारी लता सांगत असेल म्हणून तिची वेळ बदलून बघितली. काही फरक नाही.

तुम्ही मानसशास्त्र शिकवता. याला अतींद्रिय म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल तर मी त्या घरात राहू कशी? माझ्या डोक्यात येतं ते सगळंच कुणाला कळण्यासारखं नसतं. दिवाळीनंतर त्यांना तुमच्याकडे घेऊन जा. थोड्या दिवसांसाठी म्हणत नाहीये.

तुमची,
श्वेता


मुलुंड,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय श्वेता,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आईची मुलगी म्हणून वाचलं आणि राग आला. दुसऱ्यांदा मास्तरीण म्हणून वाचलं.

आधी मास्तरणीचं ऐक. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं. म्हणजे आधी इंद्रियं संपायला हवीत. डोळा, कान, नाक, जीभ, कातडी, यांतल्या कुठल्याही वाटेने जे आत येऊच शकलं नसतं, त्यालाच ते नाव द्यायचं. ‘कसं कळलं ते मला समजत नाही’ एवढं पुरत नाही. ते तुझं न समजणं झालं, तिची शक्ती नव्हे. तिला योगायोगाने जमलेलं धरायचं नाही, आणि अंदाजाने जमलेलंही नाही. चेतनाचा चेहरा बघून कुणीही बाई सांगेल की ही माहेरी जाणार. शिवाय जे चुकलं ते कुठे आहे? तुझ्या पत्रात फक्त कळलेलं आहे. आईला काय काय कळलं नाही, तेही मला हवं.

आता मुलीचं. तुझ्या पत्रात आधी चमत्कार येतो आणि शेवटी ‘घेऊन जा’ येतं. मला वाटतं, ते तुझ्या मनात उलट्या क्रमाने आलं असावं. आई नकोशी झाली असेल तर तसं सांग. माझ्याकडे एकच बेडरूम आहे, त्यात माझे सासरे, चंद्रप्रकाशचे वडील, अंथरुणाला खिळलेत, हे तुला माहीत आहे. तरी हो किंवा नाही म्हणता आलं असतं. त्यासाठी म्हातारीला भूत करायची गरज नव्हती.

माझं चुकत असेल तर दाखवून दे. एखादी गोष्ट नुसती मनात धर, जोर लावून, आईच्या समोर बसून. दुसरी कागदावर लिहून उशाखाली ठेव. तिसरी बेडरूम बंद करून फोनवर बोल. चौथी नेहमीसारखी बाल्कनीत. शक्य तर त्यातली एक खोटी असू दे. आणि कुणालाही सांगू नकोस, सुबोधलासुद्धा नाही. काय होतं ते कळव.

सुलक्षणा


अंधेरी,
३ ऑक्टोबर २०२४

सुलक्षणाताई,

‘भूत करायची’ हे वाक्य मी विसरणार नाही. तुम्ही आईंना महिन्यातून एकदा भेटता, तेही पुरणपोळी खायला. त्यांच्या औषधांच्या वेळा मला पाठ आहेत. हे लिहून टाकलं, आता तुमच्या परीक्षेचं सांगते.

मनात धरलं होतं ते माझ्या वडिलांच्या आजारपणाचं. अर्धा तास त्यांच्यासमोर भाजी निवडत बसले. काही नाही. उलट विचारलं की कोथिंबीर एवढी का आणलीस. कागदाचं काही कळलं नाही. बेडरूममध्ये दार लावून गार्गीशी मोठमोठ्याने बोलले, अगदी भिंतीपलीकडे जाईल असं, तेही कळलं नाही.

मग बाल्कनीत गेले. नेहमीसारखं दार लावलं, आत तोंड करून उभी राहिले. मी नेहमी आतच तोंड करते, त्यांच्यावर नजर राहावी म्हणून. गार्गीला म्हटलं, दसऱ्याला सुलक्षणाताईंसाठी मोरपिशी पैठणी घेतली. धादांत खोटं. कुठली पैठणी, बोनसचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, “सुलूक मोरपिशी साडी घेतलंस, ता बरा केलंस. तिका त्यो रंग शोभता.”

ताई, काच बंद होती. खाली रस्त्याचं काम चालू आहे, मला स्वतःला गार्गीचं नीट ऐकू येत नव्हतं.

चुकलेलं मागितलं होतंत ना, तेही घ्या. परवा कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, आई शेजारच्याच खोलीत होत्या. मी मागून ओरडले, आई गॅस, तर ढिम्म. चौकापलीकडचं कळतं आणि शेजारच्या खोलीतला कुकर कळत नाही, हे कुठल्या व्याख्येत बसतं ते बघा.

आणि एक विचारते. तुम्ही तर कळवत नाही ना? रोज संध्याकाळी त्यांना व्हिडिओ कॉल करता. साधा फोन का नाही करत? मी खोलीत आले की आई पटकन फोन ठेवतात. तुम्हा मायलेकींचं काय चालतं, मला माहीत नाही. आमच्याकडचं तुम्हाला आधीच ठाऊक असेल आणि मी इथे परीक्षा देत बसले असेन, तर वाट लागली माझी.

दिवाळीचं मी अजूनही तसंच म्हणतेय.

श्वेता


मुलुंड,
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्वेता,

भांडू नंतर. आधी माझं ऐक.

तुझ्या पैठणीने माझी झोप उडवली. आईने तुझं मन वाचलं असतं, तर ती साडी खोटी आहे हेही तिथेच वाचलं असतं. तिला फक्त तू बोललेलं वाक्य मिळालं, ते खोटं आहे हे नाही मिळालं. म्हणजे मन बाजूला ठेवू. वाक्य तिच्यापर्यंत कसं गेलं, एवढंच उरतं.

आणि व्हिडिओ कॉलचं विचारलंस. तो मी करत नाही, ती करायला लावते. साधा फोन केला की म्हणते, “तोंड बघूंदे तुझा,” आणि ठेवून देते. दोन वर्षं मी त्याला माया समजत होते. तू लिहिल्यावर पहिल्यांदा मला प्रश्न पडला की तोंडच का.

रविवारी मी घाटकोपरला गेले, असल्फाला, प्रेमामावशीकडे. तुला तिची कल्पना नसेल. आई गिरणीत होती तेव्हा वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, तिच्या शेजारच्या यंत्रावर असायची. साताऱ्याकडची, बौद्ध. संपानंतर सगळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण आईने तिला कधी सोडलं नाही. मी विचारायला गेले होते की आईला आधीही असं काही व्हायचं का, अंगात वगैरे.

प्रेमामावशी दाराजवळच्या खाटेवर बसलेली होती. घर भरलेलं होतं. सून सपना, नातू किरण, टीव्ही, पाहुणे. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. चहा तिच्या हातात दिला, तोही न बोलता. मी प्रश्न विचारला तर ती मला म्हणाली, समोर ये, उजेडात ये. मग माझ्या ओठांवर नजर लावली. तू लिहिलेली तीच नजर, श्वेता.

ती हसली. म्हणाली की खात्यात एवढा आवाज असायचा की कानाचा उपयोगच नव्हता. सगळ्या जणी ओठांवरून बोलायच्या. मुकादमाच्या पाठीमागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कान नंतर सगळ्यांचेच गेले, कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. मग खूप मोठ्याने, कान गेलेली माणसं बोलतात तसं ती म्हणाली, “तुझी आई हुशार. तिनं कुणाला कळू दिलं नाही. मी सांगून बसले. सांगितलं त्या दिवसापासून घरातलं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं.”

परत येताना मला आमच्या चाळीची गॅलरी आठवली. सुट्टीच्या दिवशी प्रेमामावशी यायची आणि जाताना खाली रस्त्यापलीकडे थांबायची. आई वर. दोघी आवाज न करता कितीतरी वेळ तोंड हलवायच्या आणि हसायच्या. मी लहान होते. मला वाटायचं, मोठ्या बायकांना न बोलता कळतं. इतकी वर्षं मुलांना मी पाच इंद्रियं शिकवते आणि हे आजवर मला आठवलं नव्हतं.

मोतीबिंदू काढल्यावर तिला पुन्हा लांबचं दिसायला लागलं, एवढंच झालंय. आईला ऐकू येत नाही. ध्यान नव्हे ते.

दसऱ्याला येते. तोवर घरात यातलं काही बोलू नकोस. बाल्कनीत तर नकोच.

सुलक्षणा


अंधेरी,
१० ऑक्टोबर २०२४

ताई,

तुमचं पत्र आत्ताच आलं आणि मी डबा न खाता लिहायला बसले.

या. पण येण्याआधी एक ऐकून ठेवा, कारण तुमच्याशिवाय हे सांगायला मला कुणी नाही. गार्गीला तर आता सांगूच शकत नाही.

मी त्या बाल्कनीत रोज बोलते. ऑफिसमधून आल्यावर, भाजी फोडणीला टाकायच्या आधी. आईंनी मला दाखवलेल्या गोष्टी मी मोजत होते, बढती, साडी. न दाखवलेल्या मोजल्याच नव्हत्या. तुमची आणि माझी पत्रं सुरू होण्याच्या आधी, गणपतीत, मी गार्गीला म्हटलं होतं की म्हातारी गेल्याशिवाय हे घर माझं होणार नाही. आणखीही बोललेय. त्यांच्या जेवण्याच्या आवाजाबद्दल. त्यांच्या कपड्यांच्या वासाबद्दल. आणि मुलुंडला पाठवायचं ठरवलं, तेही आधी तिथेच ठरवलं.

तोंड आत करून, ताई. त्यांच्याकडे बघत.

त्या रात्री त्यांनी मला सोलकढी करून दिली होती, कारण माझं पोट बिघडलं होतं. मला अजून वाटतं की हे सगळं तुमच्या प्रेमामावशीचं काहीतरी असेल आणि आईंचं वेगळं असेल. त्यांच्यात खरोखरच शक्ती असलेली मला आता परवडेल. मन वाचलं असतं, तर त्यात दुसरं काहीतरीही दिसलं असतं. नुसती वाक्यं दिसली असतील, तर फार वाईट आहे.

श्वेता


मुलुंड,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्वेता,

शनिवारी तू आपट्याची पानं घेऊन शेजाऱ्यांकडे गेलीस आणि सुबोध गाडीला हार घालायला खाली उतरला, तेव्हा काय झालं ते मी तुला घरी सांगितलं नाही. तुझ्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

मी बाल्कनीत गेले. दार लावलं. आई खुर्चीत होती, मांडीवर पानं. मी आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले, “आई, तुला ऐकू येत नाही ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि पानं सारखी करत बसली. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच समोरचं तोंड बघूनही तिला काही ‘कळलं’ नाही.

मी थांबले. तिने परत वर बघितल्यावर म्हटलं, प्रेमामावशीला भेटले. तेव्हा तिचेही ओठ हलले, आवाजाशिवाय, भराभर. मला एक अक्षर समजलं नाही. मी दार उघडून विचारलं, काय म्हणालीस. तर मोठ्याने म्हणाली, “तुका नाय कळाचा.”

मग तिनेच विषय काढला. “दिवाळीनंतर माका नेतलंस म्हणान इलंस?” विचारताना चेहऱ्यावर काही नव्हतं, जणू दूधवाल्याला विचारतेय. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. तिने बोटाने काच दाखवली.

मी तिला म्हटलं की कान तपासू, मशीन मिळतं, यात लपवण्यासारखं काय आहे. ती म्हणाली की प्रेमाने सांगितलं आणि प्रेमाचं काय झालं ते तू बघून आलीस. “बहिऱ्या म्हातारेक कोण इचारता? ह्यो बायका येतत, बसतत, माका इचारतत.” नारळांचा मोह नाही तिला, श्वेता. तिला कुणीतरी समोर बसून बोलायला हवंय, उजेडात.

मी म्हटलं, श्वेताला सांगते, तिला तुझा धाक वाटतोय. तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “श्वेताक सांगू नको. तिका मन मोकळा करूक ती एकच जागा आसा.”

हे मी तुला सांगायला नको होतं. दोन दिवस लिहू की नको, यातच गेले. तरी पाठवतेय, कारण तू विचारलं होतंस की नुसती वाक्यंच दिसली का.

न्यायचं असेल तर मी नेईन. चंद्रप्रकाशशी बोलले आहे, हॉलमध्ये दिवाण टाकू. तू ठरव. पहिल्या पत्रातलं ‘भूत’ मी परत घेते.

सुलक्षणा

ता. क. साडी खरंच घेतलीस. आईने ती उलगडून पदर माझ्या खांद्यावर टाकला तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता.


अंधेरी,
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुलक्षणाताई,

उत्तराला उशीर झाला. आधी खूप चिडले होते. कुणी आपल्याला चोरून ऐकलं याचा राग येतो, तो येऊन गेला. मग ऐकून गप्प राहिल्या याचा आला. तो जात नाही.

मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार? पण त्यांना कळलं. आता यात काय मोठं, तुम्ही म्हणाल, हिचा चेहराच सांगत असेल. असेलही.

त्यांनी एक केलं. त्या आठवड्यात मी संध्याकाळी फोन घेऊन बाल्कनीत गेले, सवयीने आत तोंड केलं, आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. आईंनी तो हात बघितला. उठल्या, खुर्ची उचलायला जमत नाही म्हणून फरशीवरून ओढत फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशी माझी किल्ली दारात फिरण्याआधीच खुर्ची भिंतीकडे होती. भिंतीवर बघायला काही नाही, ताई. कॅलेंडर आहे, तेही सहकारी बँकेचं.

त्यांना मागून हाक मारून उपयोग नव्हता. पुढे जायला भिंत आणि खुर्चीच्या मधे जागा नव्हती. असं माणसाला मी कधी पाठमोरं बघितलं नव्हतं. प्रेमामावशी दाराजवळ बसतात असं तुम्ही लिहिलं होतंत. आमच्याकडे दाराजवळ जागा नाही, म्हणून भिंत.

कानांच्या डॉक्टरकडे नेलं, सुबोधही आला. तो आधी ऐकेचना, मग तिथे कान तपासायच्या बंद खोलीत आईंना बसवल्यावर काचेतून बघत होता आणि रडला. मशीन आणलंय. घालतात आणि काढून ठेवतात, म्हणतात की यात गडगडाट येतो, बोलणं येत नाही. सवय लागेल म्हणे.

बायकांना आईंनी स्वतःच सांगून टाकलं की माका ऐकाक येत नाय, मी फक्त तोंडा वाचतंय. नारळ बंद झाले. काही जणींना फसल्यासारखं वाटलं, लिफ्टमध्ये बघत नाहीत. चेतना मात्र येते. ती आता न येताही बोलते. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून, आवाज न करता, नवरा शेजारच्या खोलीत असला तरी. आई इथून मान हलवतात. काय बोलतात ते मला समजत नाही आणि मी विचारत नाही.

तुमच्या व्याख्येत मी काही घालू शकत नाही. तुमचं बरोबर आहे, सगळं डोळ्यांच्या वाटेनेच आलं, म्हणजे अतींद्रिय नाही. पण ऐकलेलं सगळं पोटात घालून माझ्यासाठी सोलकढी केली, ते कुठल्या वाटेने आलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. त्याला नाव नसलं तर नसू दे.

दिवाण घेऊ नका. पुण्याला मी नाही म्हटलं, ते आईंमुळे नाही, असं मी सगळ्यांना सांगतेय.

काल संध्याकाळी ऑफिसमधून आले तर खुर्ची भिंतीकडेच. मी पर्स ठेवली, आईंच्या खांद्याला हात लावला, त्या उठल्यावर खुर्ची ओढत नेऊन बाल्कनीकडे फिरवली. मग बाहेर गेले, दार लावलं, फोन न घेता. त्यांच्याकडे तोंड केलं आणि बरंच काही बोलले. आवाज काढला नाही. काढला असता तर मला बोलता आलं नसतं.

त्या शेवटपर्यंत बघत होत्या. मी आत आले तेव्हा म्हणाल्या, “तू लय भरभर बोलतंस गो. पयल्यापासून. अर्धा माझ्या हाताक लागतच नाय.”

कुठलं अर्धं, ते मी विचारलं नाही.

तुमची,
श्वेता